अठ्ठाविसावं घर

किल्ल्या बनवतो म्हणून सगळे त्याला किल्लेदार म्हणायचे. किल्ला म्हणाल तर सहा फूट बाय चार फुटांचं दुकान. आत एक शिकंजा, दोन कानशी, किल्लीचे दात पाडायचं एक खडखडणारं यंत्र आणि एक स्टूल. गिऱ्हाइकाने उभंच राहायचं, कारण दुसरं स्टूल ठेवलं असतं तर मालकाला रस्त्यावर बसावं लागलं असतं. पण माणूस टेचात! कुणी "किल्लेदार आहेत का?" म्हणून हाक मारली की कानस खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "आहेत. काम बोला."

वस्ती बॅटऱ्यांच्या कारखान्याने वसवलेली. एकमेकांना चिकटून दीडशे बैठी घरं, मधून एक लांबलचक गल्ली. कारखाना बंद पडला आणि मग एकेक गोष्ट तिथून पाय काढू लागली. आधी बँकेची शाखा गेली. मग बस आत यायची बंद झाली, मोठ्या रस्त्यावरूनच वळायला लागली. शाळेचे वरचे वर्ग हलवले. खांबांवरचे दिवे गेले ते गेलेच. अर्ज घेऊन गेलं की साहेब विचारायचे, "राहतं कोण आता तिकडे?" आता घ्या! सात जिवंत माणसं टेबलासमोर उभी, त्यांनाच हा प्रश्न. काय उत्तर द्यायचं माणसाने?

जमेल तो वस्ती सोडून जायला लागला. जाताना एक किल्ली किल्लेदाराकडे टाकून जायचा. ही तिथली जुनी पद्धत. दुकानाच्या भिंतीला एक फळी होती, तिला खिळे, खिळ्यांना किल्ल्या. वरच्या दोन ओळींत परत येणाऱ्यांच्या किल्ल्या: कुणी बाळंतपणाला गेलेली, कुणी लेकाकडे. खालच्या ओळींत जे 'येतो' म्हणून गेले आणि आलेच नाहीत त्यांच्या. वरच्या ओळींतल्या घरांत किल्लेदार दर आठवड्याला जायचा. खिडक्या उघडायचा, नळ सोडायचा, आणि दहा मिनिटं खुर्चीवर नुसता बसून राहायचा. बायको म्हणायची, "अहो, बसायला आपलं घर नाही का?" तर म्हणायचा, "घराला माणसाची सवय मोडू नये गं." त्याचा त्याला एक पैसा मिळायचा नाही, पण कुणी विचारलं तर म्हणायचा, हाही धंद्याचाच भाग आहे.

वरच्या ओळीत पहिली किल्ली सिस्टरची. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. नवरा कारखान्यात होता, तो गेल्यावर एकटीच राहायची. वस्तीतल्या निम्म्या लोकांना तिने सुया टोचलेल्या, त्यामुळे मोठमोठे मिशाळ बाप्येसुद्धा तिला बघून दंड चोळायचे. किल्लेदाराची बायको तापाने फणफणली होती तेव्हा अकरा दिवस ही बाई स्वतःची ड्यूटी करून तिच्या उशाशी येऊन बसत होती. पाणी मागितलं नाही की चहा मागितला नाही. किल्लेदार ते विसरला नव्हता. तसा तो काहीच विसरायचा नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन करायला सिस्टर लेकाकडे निघाली तेव्हा किल्ली देताना म्हणाली, "दोन महिन्यांत येते. छप्पर गळतंय स्वयंपाकघरात, तेवढ्याकडे लक्ष ठेवा. दुरुस्ती आल्यावर बघू."

"तुम्ही निर्धास्त जा," किल्लेदार म्हणाला. "मी आहे ना."

हे 'मी आहे ना' त्याचं नेहमीचंच. त्यानेच घात केला, पण ते पुढे.

सिस्टर गेली आणि तीनच आठवड्यांत वस्तीचं नशीब फळफळलं. पालिका, एक मोठी बँक आणि घरं बांधायला शिकवणारं एक कॉलेज, अशा तिघांनी मिळून वस्ती पुन्हा उभी करायची योजना काढली. चौथा भागीदार म्हणजे खुद्द वस्तीतली माणसं. योजनेच्या मॅडम आल्या. साध्या होत्या, धुळीत चप्पल घालून दारोदार फिरल्या, कुणाच्याही पायरीवर बसल्या. खोटं कशाला बोलू, बाई चांगली होती. चोर असती तर किल्लेदाराने वासावरून ओळखली असती, चोरांचा आणि त्याचा धंदा तसा एकाच वस्तूभोवतीचा. जुन्या बँकेच्या रिकाम्या हॉलमध्ये बैठका सुरू झाल्या. समितीवर कोण घ्यायचं म्हणताच सलूनवाला उभा राहून म्हणाला, "किल्लेदार! सगळ्या वस्तीची घरं त्याच्या भिंतीवर टांगलेली आहेत." टाळ्या पडल्या. किल्लेदाराला इतकं भरून आलं की चष्मा पुसायच्या निमित्ताने त्याने डोळे पुसले.

मॅडमना बंद घरांची यादी हवी होती. किल्लेदार एका संध्याकाळी फळीसमोर फॉर्म घेऊन बसला. खालच्या ओळींत सत्तावीस किल्ल्या. घर नंबर, शेवटी राहणाऱ्याचं नाव, किती वर्षांपासून बंद. सत्तावीस रकाने त्याने सुवाच्य अक्षरात भरले. मग पेन हातातच राहिलं.

मॅडमनी बैठकीत सांगितलं होतं की बंद घरांची छपरं, तारा, गटारं आधी होणार. राहत्या घरांचा नंबर दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे दोन-तीन वर्षांनी. किल्लेदाराने वरच्या ओळीकडे बघितलं. सिस्टर येणार, तीही नव्या गुडघ्याने, आणि स्वयंपाकघरात पाय घसरला तर? दोन-तीन वर्षं कशाला थांबायचं? घर सध्या बंदच आहे की. त्याने अठ्ठाविसावा रकाना भरला. 'किती वर्षांपासून बंद' इथे जरा अडखळला, आणि लिहिलं, तीन. खाली सही ठोकली: रहिवासी प्रतिनिधी.

बायकोने विचारलं, "तीन वर्षं कुठली हो? परवा तर गेल्या त्या."

"अगं, फॉर्मला काय कळतंय?" तो म्हणाला. "सिस्टरना आल्या आल्या कोरडं स्वयंपाकघर मिळालं म्हणजे झालं. तू फोनवर बोलू नकोस हं काही. तोंड बघायचंय मला त्यांचं."

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कारखान्याने जाताना ही घरं पालिकेच्या गळ्यात मारली होती. राहील तोवर घर त्या कुटुंबाचं. ओस टाकलं तर पालिकेचं. हा नियम कागदावर होता, पण वीस वर्षांत कुणी तो बाहेर काढला नव्हता, कारण असली घरं हवी होती कुणाला? योजनेने तो बाहेर काढला. चोरून नाही, बैठकीत वाचून दाखवला. किल्लेदार त्या दिवशी पुढच्या बाकावर होता आणि मान डोलावत होता. रिकामी घरं गरजू कुटुंबांना द्यायची, वस्तीत पुन्हा माणसं आणायची, हे त्याला मनापासून पटलं होतं. फक्त तो नियम आणि आपला अठ्ठाविसावा रकाना या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एकमेकींना भेटल्याच नाहीत. होतं असं. एरवी कुलपातली केसाएवढी खोट बोटाने ओळखणारा माणूस हा!

महिन्याभराने अठ्ठावीस दारांवर नोटिसा लागल्या. किल्लेदार सिस्टरच्या खिडक्या उघडायला गेला तेव्हा त्याने पहिली ओळ वाचली, 'सदर घर पुनरुज्जीवन योजनेत समाविष्ट करण्यात आले आहे', आणि त्याला काय आनंद! खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. हरकत असल्यास पंचेचाळीस दिवसांत, वगैरे. त्याने ते बघितलं, वाचलं नाही. वाऱ्यावर कागद फाटेल म्हणून अलगद सोडवला, घरात नेऊन टेबलावर ठेवला आणि उडू नये म्हणून वर फुलदाणी ठेवली. सिस्टर आल्यावर वाचेल.

पंचेचाळीस दिवस त्या फुलदाणीखाली गेले.

मग कामाचा धडाका सुरू झाला. स्थानिकांनाच काम द्यायचं, असा योजनेचा दंडक होता, म्हणून अठ्ठावीस घरांची कुलपं बदलायचं काम किल्लेदाराला मिळालं. मजूर येणार-जाणार, जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे असायच्या, तेव्हा कुलपं बदलणारच, त्यात त्याला वावगं वाटलं नाही. सिस्टरच्या दाराचं कुलूप त्याने सगळ्यात जीव लावून बसवलं. मजुरांनी सामान हलवायला सांगितलं, तर कपाट, पलंग, नवऱ्याचा फोटो, सगळं बायकोच्या मदतीने आपल्या मागच्या खोलीत आणून ठेवलं. छपरावर नवे पत्रे चढले तेव्हा स्वतः खाली उभा राहून, "तो कोपरा, तो कोपरा नीट बघा," म्हणून मजुरांचं डोकं खात होता. गल्लीत दिवे लागले. बाकं आली. एक दिवस बस चक्क आत आली, तेव्हा म्हातारी माणसं उगाचच चढली आणि पुढच्या स्टॉपवर उतरून परत आली.

आणखी एक आनंद झाला. रिकाम्या घरांसाठी सोडत निघाली, त्यात किल्लेदाराच्या लेकीचं नाव निघालं. लेक-जावई शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहत होते. आता चार घरं सोडून राहणार. बायकोचे पाय जमिनीवर ठरेनात.

सिस्टरचे दोन महिने केव्हाच उलटले होते. गुडघ्याची जखम चिघळली, दुसऱ्यांदा ऑपरेशन झालं. फोन आला की तिचा एकच प्रश्न, "घर कसं आहे?" आणि किल्लेदार हसू दाबत म्हणायचा, "या तर खरं. बघालच."

एका सकाळी दुकानासमोर एक जोडपं उभं राहिलं. बाईच्या कडेवर पोर, पुरुषाच्या हातात कागद. "किल्लेदार तुम्हीच ना? ऑफिसातून किल्ली मिळाली, पण कुलूप नवं आहे, जरा अडतंय. दाखवता का?"

"कुठलं घर?"

त्याने नंबर सांगितला.

किल्लेदाराने कागद हातात घेतला. वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "काहीतरी घोटाळा आहे," तो म्हणाला. "हे राहतं घर आहे." ती दोघं एकमेकांकडे बघायला लागली. बाई हळूच म्हणाली, "आम्ही पालिकेच्या घरासाठी सहा वर्षं नंबर लावून होतो हो." तिच्या पिशवीत पडद्याचं कापड होतं.

किल्लेदार तसाच, दुकान उघडं टाकून, मॅडमकडे धावला. वीस वर्षांत त्याने दुकान उघडं टाकलं नव्हतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. यादी काढली, त्याच्यासमोर ठेवली. "अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"तीन वर्षं बंद, असं तुम्ही लिहिलंय."

"खोटं लिहिलं मी. लिहून देतो तसं. मला काय शिक्षा करायची ती करा."

मॅडमनी कपाळाला हात लावला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहून दिलंत की यादी खोटी, तर एकच घर नाही जायचं. अख्ख्या यादीची चौकशी लागेल. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वाटप थांबतील, बँक काढता पाय घेईल. हरकतीची मुदतही गेली. नोटीस लावली होती, तिच्यावर कुणी हरकत घेतली नाही म्हणून..." आणि त्या गप्प झाल्या, कारण किल्लेदार त्यांच्यासमोर ढसाढसा रडत होता.

"मला काही करता येत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच येत नाही. पुढच्या यादीत त्यांचं नाव घालते. नंबर दोनशेच्या पुढे लागेल."

त्याने सिस्टरच्या मुलाला फोन केला. मुलगा शांतपणे म्हणाला, "आईला सध्या काही सांगू नका. तशीही ती एकटी राहायच्या अवस्थेत नाही. इथेच राहील आता. एका अर्थी सुटलाच प्रश्न." फोन ठेवल्यावर किल्लेदार किती तरी वेळ त्या फोनकडेच बघत होता. प्रश्न कसा सुटला, कुणाचा सुटला, त्याला काही उमजेना.

तरी त्याने विषय समितीत नेला. सगळं कबूल केलं, काहीही लपवलं नाही. मग सलूनवाला म्हणाला, "सिस्टरसाठी जीव तुटतो, किल्लेदार. पण एका घरापायी सत्तावीस घरं घालवायची का? सत्तावीस संसार येतायत." मॅडमनी विचारलं, यादी परत उघडावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

कुणाचा हात वर गेला नाही. सिस्टरने ज्यांच्या दंडाला धरून सुया टोचल्या होत्या, त्यातले नऊ दंड त्या हॉलमध्ये होते. मागच्या बाकावर बायको बसली होती. लेकीच्या घराला कालच रंग देऊन झाला होता. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही, मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. किल्लेदाराने हात गुडघ्यावरून उचलला, छातीपर्यंत आणला, आणि शर्टाचं बटण चाचपून परत खाली ठेवला. आता म्हणा त्याला काय म्हणायचं ते. मी तर काही म्हणू शकत नाही. माझी लेक असती तर मीही काय केलं असतं, कुणास ठाऊक.

त्यानंतर तो दुकानात बसायचा, पण कामात जीव नव्हता. साध्या कपाटाच्या किल्लीचे दात चुकायला लागले. अन्न गोड लागेना. बायको म्हणायची, "सांगून टाका फोनवर, एकदाचं." तो फोन उचलायचा, पलीकडून "घर कसं आहे?" आलं की "आहे," एवढंच म्हणायचा.

आणि एका दुपारी बसमधून सिस्टर उतरली. एकटी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बॅग. लेकाला न सांगता निघून आली होती. बस थेट वस्तीत आलेली बघून तिला इतकी गंमत वाटली की ती कंडक्टरला थँक्यू म्हणून बसली. किल्लेदाराने तिला दुकानातून बघितलं आणि तो स्टुलावरून उठला. जाऊन त्याने बॅग घेतली.

"किल्लेदार! काय हो, वाळलात किती!" ती म्हणाली. "अन् हे काय, दिवे? बाकं? अरे वा! हे सगळं तुम्ही लोकांनी केलंत?"

"सिस्टर, थोडं बसा आधी. दुकानात चला."

"आठ महिने बसूनच होते. आधी घरी जाऊ दे मला."

ती चालायला लागली. तो मागून. प्रत्येक दाराशी तिला कुणीतरी दिसायचं, ती हाक मारायची, आणि दारातलं माणूस हसल्यासारखं करून आत निघून जायचं. सलूनवाल्याने तर गिऱ्हाइकाची मान खाली दाबली आणि स्वतःही खाली वाकला. किल्लेदार दर दहा पावलांनी म्हणत होता, "सिस्टर, एक सांगायचंय," आणि ती म्हणत होती, "सांगा की, चालता चालता सांगा," आणि हा गप्प.

दाराशी पोचली तेव्हा खिडकीला पडदा होता. आत कुणीतरी भांडी घासत होतं. लहान पोर मोठ्याने कशाला तरी नाही-नाही म्हणत होतं. सिस्टरने नंबर बघितला. परत बघितला. मग पायरीवर, काठी आडवी ठेवून, हळूहळू खाली बसली.

तेव्हा त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, बॅग हातात धरून, सगळं सांगितलं. यादी, तीन वर्षं, नोटीस, बैठक, आपला हात. काही गाळलं नाही. आतली भांडी थांबली होती. पडद्यामागे ती बाई उभी होती, पुढे यायचं धाडस तिला होईना.

सिस्टरने सगळं ऐकलं. ती रडली नाही की ओरडली नाही. तिने विचारलं, "नाव का घातलंत माझं?"

"छप्पर गळत होतं," तो म्हणाला. "तुम्ही याल, ओल्यात घसराल, म्हणून..."

"मी तिथे बादली ठेवत होते, किल्लेदार," ती म्हणाली. "भरली की ओतत होते. तुम्हाला त्या बादलीचा काय त्रास होता?"

बॅग या हातातून त्या हातात घेत तो तिथेच उभा राहिला. सिस्टरने उठायला हात पुढे केला, म्हणून त्याने तिला उठवलं. ती उठली, काठी टेकली, गल्लीच्या या टोकाकडे पाहिलं, त्या टोकाकडे पाहिलं, आणि विचारलं, "मग आता कुठे जायचं मी?"